हेलियमचे पैसे, हायड्रोजनचे फुगे

मुलांचा वाढदिवस घरीच करणार असाल आणि सजावटीचं काम बाहेर देणार असाल तर हे वाचा. डेकोरेशनवाला ॲडव्हान्स घेऊन गायब झाला, अशा गोष्टी आपण ऐकतोच. आमच्याकडचा गायब झाला नाही, त्याची माणसं आली. आली नसती तर फक्त पैसे बुडाले असते.

लेकीला पाच वर्षं पूर्ण होणार होती. हॉल लहान आणि पोरं बरीच, म्हणून भिंतीवर एक पडदा, पाचच्या आकड्याचा मोठा फॉइलचा फुगा, फुग्यांची कमान आणि छताला टेकून तरंगणारे हेलियमचे फुगे, एवढंच ठरवलं. डेकोरेटर सोशल मीडियावर मिळाला. पेजवर फोटोंची रेलचेल, खाली "खूप छान सर्व्हिस"च्या कमेंट्स. फोनवरचा माणूस तर इतका गोड बोलायचा की विचारू नका. "ताई, तुम्ही फक्त पाहुण्यांचं बघा, बाकी सगळं आमच्यावर सोडा."

हेलियमचे पैसे त्याने वेगळे लावले होते, आणि ते उरलेल्या सगळ्या सजावटीपेक्षा जास्त होते. एवढे कसे, विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, हेलियम महागच असतो." यात खोटं काहीच नव्हतं. हेलियम कारखान्यात बनवता येत नाही. काही ठिकाणच्या नैसर्गिक वायूत तो मिसळलेला असतो, तिथून वेगळा काढावा लागतो, आणि असे साठे जगात अमेरिका, कतार, अल्जीरिया, रशिया अशा मोजक्याच देशांत आहेत. हॉस्पिटलांतल्या एमआरआय मशीनचे चुंबक थंड ठेवायलाही तोच लागतो. म्हणजे कारण खरं होतं, भावही समजण्यासारखा होता. माल तेवढा दुसरा होता.

यांची पद्धत नीट बघण्यासारखी आहे. वाढदिवसाची तारीख पुढे ढकलता येत नाही. पोरांना बोलावून झालेलं असतं, लेक सकाळपासून नवा फ्रॉक घालून दाराशी बसलेली असते. ही एक गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगली माहीत असते. सकाळी यायचं ठरलं होतं. सकाळी फोन केला तर "गाडी निघाली". दुपारी "रस्त्यात आहेत". मग फोन उचलणंच बंद. पाहुणे यायला तासभर उरला तेव्हा दोन पोरं सामान घेऊन दारात उभी. गोड बोलणारा गृहस्थ सोबत नव्हताच, तो फोनवर. पडदा ठरलेल्या रंगाचा नाही, घड्या पडलेला. आकड्याच्या फुग्यावर जुन्या चिकटपट्टीचे डाग, म्हणजे कुणाच्या तरी घरी आधी वापरलेला. मी काही बोलायच्या आत पोराने फोन माझ्या हातात दिला. "ताई, आधी पूर्ण पेमेंट करा, नाहीतर मुलं सामान उचलून परत येतील. पुढची ऑर्डर वाट बघतीय." हेच सकाळी म्हणाला असता तर मी सरळ हाकलून दिलं असतं. हे त्यालाही माहीत होतं, म्हणूनच उशीर. तो उशीर रस्त्यामुळे झाला नव्हता, मुद्दाम केलेला होता, असं माझं ठाम मत आहे. पैसे दिले.

पोरांनी एक गंजका, जाड लोखंडी सिलिंडर बाल्कनीत ओढत नेला. सोबत एक प्लास्टिकचं पोतं आणि पाण्याची बादली. फुगे फुगवायला पाणी कशाला, असं मनात आलं, पण तेवढ्यात बेल वाजली आणि पहिली पाहुणी मंडळी आत शिरली. दहा-पंधरा फुगे भरून छताला टेकलेही. दिसायला झकास.

वाचवलं ते वरच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांची सगळी नोकरी कारखान्यात, वेल्डिंगच्या विभागात गेलेली. नातवाला सोडायला आले होते. बाल्कनीत डोकावले, सिलिंडरच्या जवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"हा गरम कसा काय?"

पोरं गप्प. काकांनी पोत्यात बघितलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, तारांचे तुकडे आणि एका डब्यात पांढरे खडे. कॉस्टिक सोडा.

"अरे, हा हेलियम आहे?"

त्यावर सतरा-अठरा वर्षांच्या त्या पोराने जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. "काका, हा पण गॅसच आहे. फुगा उडतोय ना?"

कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन तयार होतो आणि ती क्रिया चालू असताना भांडं चांगलंच तापतं. भंगारातला पत्रा आणि सोडा, खर्च जवळपास नाहीच. जत्रेत, रस्त्याच्या कडेला गॅसचे फुगे विकणारे काही जण हेच करतात आणि अशा सिलिंडरचे स्फोट होऊन माणसं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आत दाब किती वाढलाय हे सांगणारं काही नाही, लोखंड गंजलेलं, आणि उरलेलं पाणी अंगावर उडालं तर कातडी आणि डोळे भाजणारं. भरलेला हेलियमचा सिलिंडर असा कधी तापत नाही. त्यात काही शिजत नसतं, तो कंपनीतूनच भरून, सीलबंद, लेबलासह येतो.

हॉलमधल्या टेबलावर केक, केकवर मेणबत्त्या, आणि बरोबर त्याच्या वर ते फुगे, खाली लोंबणाऱ्या रिबिनींसकट. काकांनी आवाज न चढवता सगळ्या मुलांना आतल्या खोलीत पाठवलं आणि स्वयंपाकघरातला गॅस बंद करायला सांगितला. आम्ही फोन हातात घेईपर्यंत पोरांनी घाबरून सिलिंडर उचलून खाली मोकळ्या जागेत नेलाही होता. तुमच्याकडे असं काही निघालं तर कुणालाही तो हलवू देऊ नका. माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाला बोलवा. छताचे फुगे काका आणि माझ्या नवऱ्याने एकेक करून गच्चीवर नेले आणि मोकळ्या हवेत गाठी सोडून रिकामे केले. कुणी ते टाचणीने फोडायचा किंवा काडी लावून "बघू तरी खरंच पेटतो का" असा उद्योग करायचा नाही. आमच्याकडे एका उत्साही पाहुण्याने तेही सुचवलं होतं.

हायड्रोजन आणि हेलियम फुग्यावरून ओळखू येत नाहीत, आणि सगळी फसवणूक यावरच उभी आहे. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. त्यामुळे लिटरभर हेलियम जेमतेम एक ग्रॅम वजन उचलतो आणि हायड्रोजन त्याहून फक्त आठेक टक्के जास्त. तुमच्या डोळ्यांना दोन्ही फुगे सारखेच. आवाज बारीक होतो का बघू, म्हणून कुणी गॅस ओढायला गेला तर दोन्हींनी होतो, आणि सिलिंडरमधून थेट ओढला तर जीवही जाऊ शकतो. फरक आगीजवळ कळतो. हेलियम पेटतच नाही. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी पेट घेतो, आणि त्याला ठिणगीही नखाएवढी पुरते. कृत्रिम धाग्याचे कपडे काढताना जी चटचट होते तिच्यातही तेवढी ऊर्जा असते. एक फुगा पेटला की शेजारचा, मग घोसच. काका म्हणाले, "हिंडेनबर्ग ऐकलंय? १९३७ साली एवढं मोठं जर्मन हवाईजहाज मिनिटाभरात जळालं, ३६ माणसं गेली. त्यात हाच गॅस होता." लेकीच्या वाढदिवसाला हे ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

कार्यक्रम झाला. फुग्यांशिवाय झाला, आणि मुलांना काडीचाही फरक पडला नाही, ती पडद्यामागे लपाछपी खेळत राहिली. पण प्रकरण तिथे संपलं नाही. पैसे परत मागितले तर आधी टोलवाटोलवी, मग उलट दमदाटी, "आमचं सामान अडवलंत". आणि मग अचानक एक नवाच, नम्र आवाज. "मॅडम, तुमचा रिफंड मंजूर झालाय. क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, लगेच जमा होईल." नवऱ्याने स्कॅन केल्यावर स्क्रीनवर "पैसे भरा" असं आलं, रक्कम आधीच भरलेली. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. एकाच गिऱ्हाइकाला दोनदा कापायची तयारी होती.

यापेक्षा जास्त डोकं फिरलं ते पुढच्या प्रकाराने. त्यांच्या पेजवर आमच्या हॉलचा व्हिडिओ. त्या पोरांपैकी एकाने फुगे लावल्यावर गुपचूप काढलेला. बॅनरवर लेकीचं नाव, शेजारी पाचचा आकडा, समोर ती स्वतः, आणि खिडकीतून ओळखता येईल अशी समोरची इमारत. म्हणजे मुलीचं नाव, वय, जन्मदिवस, चेहरा आणि घर कुठे आहे ते, सगळं एका जागी. आणि खाली मजकूर, "आमच्या लाडक्या क्लायंटकडे हेलियम डेकोर"! अख्ख्या पेजवर खरं घर बहुधा आमचंच. लहान मुलाची खासगी माहिती, या कारणाखाली तक्रार करून पाठपुरावा केल्यावर तो व्हिडिओ उतरला. पोलिसांकडे तक्रार देताना चॅट, पेमेंटच्या पावत्या, सिलिंडरचे काकांनी काढलेले फोटो आणि पेजचे स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण नंतर. भांडण सुरू झालं की पेज ब्लॉक होतं आणि हातात काही उरत नाही.

बाकीचे फोटो नंतर मी उलटे शोधले, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते बघायचं. बरेचसे परदेशी पार्टीवाल्यांचे निघाले. एका फोटोत तर कमानीच्या खाली भिंतीवरचं प्लगचं सॉकेट दिसत होतं, तसं सॉकेट आपल्याकडे नसतंच. फोटोत फुगे बघायचेच, पण स्विचबोर्ड, खिडकी, फरशी जास्त बघायची. चोरलेला फोटो तिथे उघडा पडतो. आणि "आत्ता चालू असलेल्या कामाचा व्हिडिओ कॉल करा" म्हटलं की अर्ध्याअधिक जणांचं नेटवर्क जातं.

गॅसच्या बाबतीत तर मी आता फोनवरच विचारते, सिलिंडरवरच्या लेबलाचा फोटो पाठवा. दाबाने भरलेल्या हेलियमचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन १०४६, हायड्रोजनचा १०४९. वाहतुकीच्या लेबलात हेलियमचा चौकोन हिरवा असतो, न पेटणाऱ्या वायूचा, आणि हायड्रोजनचा लाल, ज्वालेचं चिन्ह असलेला. बिलावर "गॅस फुगे" चालणार नाही, "हेलियम" असं लिहून हवं. मोठी रक्कम काम बघितल्यावरच. आणि काम संपेपर्यंत घरातलं कुणीतरी जवळ उभं राहायचं, फोटो काढायला मनाई आहे असं आधीच सांगून.

परवा भाच्याच्या वाढदिवसासाठी बहिणीने दुसरा डेकोरेटर बघितला. मी त्यालाही लेबलाचा फोटो मागितला. तो हसला. "ताई, हेलियम मी ठेवतच नाही, परवडत नाही. साधी हवा भरतो आणि टेपने छताला चिकटवून खाली रिबिनी सोडतो. खालून बघणाऱ्याला काय कळतंय? आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहतात, हेलियमचे रबरी फुगे सकाळपर्यंत जमिनीवर येतात." काम त्यालाच दिलं.