डीलर बंद पडला, त्याचा लॉट उचललाय!

ज्यांच्याकडे पिकअप आहे आणि ‘ट्रकवाले टायर टाकून घेऊ’ असं डोक्यात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शिवाय पुणे–नाशिक रस्त्याला असं दुकान काही एकच नसणार.

माझी बोलेरो पिकअप नारायणगावहून माळशेजमार्गे कल्याणला जाते, कधी वाशीला. माल बहुतेक टोमॅटो. सीझनला कॅरेटचे थर चढत जातात आणि गाडी मागून बसते. दुकानदाराने नेमकं तेच हेरलं. “मालक, हे 215 चे टायर म्हणजे कारचेच समजा. 7.00 आर 15 टाका, 12 प्लाय. डिस्कसकट चारही देतो. डीलर बंद पडला, त्याचा लॉट उचललाय. दोन टन बिनधास्त भरा.” (215 आणि 7.00 आर 15 ही टायरची मापं, प्लाय म्हणजे भार पेलायची ताकद, डिस्क म्हणजे टायर बसतो ती लोखंडी रिम.) वर कच्च्या बिलावर घेतलं तर 28 टक्के जीएसटी वाचेल, हे आमिष. (ही 2024 ची गोष्ट. सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 18 टक्के झालाय, तेवढं आमिष तरी बारीक झालं.) मी पक्कंच बिल हवं म्हटलं. मिळालं, पण त्यावर नुसतं ‘टायर 4 नग, डिस्क 4 नग’.

गाडी पहिल्यापासून हलायला लागली. अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. मग एका रात्री माल भरून घाट उतरलो आणि टोकावड्याच्या अलीकडे मागच्या डाव्या टायरचा वरचा पट्टाच सुटला. मडगार्डवर फटाफट आपटत होता. गाडी कशीबशी बाजूला घेतली. माल दुसऱ्या गाडीत पलटी करून पाठवला. पोचेपर्यंत बाजार संपलेला, पडेल त्या भावात द्यावा लागला.

आळेफाट्याच्या पंक्चरवाल्या चाचांनी चारही टायर उतरवले, तेव्हा खरा माल दिसला. मागचे दोन्ही रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. खांद्याजवळ नव्या-जुन्या रबराचा सांधा बोटाला लागत होता, बाजूला काळा रंग मारलेला आणि तारखेच्या जागी ग्राइंडर फिरवलेला. आतून मोठा पॅच. पुढचे दोन नवेच होते, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत, पण आतल्या बाजूला आकडा होता 1417. म्हणजे 2017 सालचा चौदावा आठवडा. सात वर्षं कुठल्या तरी शेडमध्ये पडून वाळलेलं रबर. बाजूला बारीक भेगा धरलेल्या.

बसवताना दुकानातला पोऱ्या टायर उलटसुलट करून मग चढवत होता. मला वाटलं, नक्षीची दिशा बघतोय. तारखेचे चार आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला पूर्ण असतात. ती बाजू तो आत घालत होता!

डिस्कची तर कमालच. चंदेरी रंग खरवडला तर नटांची भोकं वेल्डिंगने भरून पुन्हा पाडलेली. जुनी भोकं लांबट झाली असणार. अशा डिस्कवर नट कितीही आवळा, ढिलेच होतात.

रिमोल्ड वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. ट्रकवाले मागच्या एक्सलला सर्रास वापरतात. पण रिमोल्ड म्हणून, रिमोल्डच्या भावात. आणि ‘दोन टन बिनधास्त’ ही तर टायरपेक्षाही मोठी थाप. टायरवर लोड इंडेक्स असतो: 100 म्हणजे 800 किलो, 112 म्हणजे 1120, 121 म्हणजे 1450. हा एका टायरचा भार, तोही पूर्ण हवेवर. तो वाढला म्हणून चॅसी, पाटे, ब्रेक आणि पासिंग (आरटीओने मंजूर केलेला भार) वाढत नाही. ओव्हरलोडला दंड 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. तो भरायला टायरवाला येत नाही. नोंदणीतही टायरचं माप असतं, त्यामुळे माप बदलायचं तर आधी आरटीओत विचारा.

दुकानदार सरळ म्हणाला, “हे टायर आमचे नव्हेतच.” बिलावर सिरीयल नंबर नाही, म्हणून त्याची एवढी हिंमत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यावरही त्याचं तेच उत्तर. मग वकिलामार्फत जिल्हा आयोगात गेलो. तिथे त्याच्या वकिलाने मुद्दा काढला, गाडी धंद्याची आहे, म्हणजे मी ग्राहकच नाही. पण 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे. एकच गाडी, मीच मालक, मीच ड्रायव्हर. लायसन्स आणि मालाच्या पावत्या जोडल्यात. चाचांनी टायर उतरवतानाचा व्हिडिओ काढला होता, त्यात गाडीचा नंबर आणि घासलेली तारीख एकत्र दिसते. सध्या सगळी भिस्त त्यावरच.

या पट्ट्यात कुणी ‘लॉटचे’ टायर घेतले असतील तर जॅक लावून आतली बाजू टॉर्चने बघा. तारीख घासलेली दिसली तर टायर तसेच ठेवा आणि उतरवण्याआधी नंबर प्लेटसकट व्हिडिओ काढा. नवे घेणार असाल तर टायर आडवा टाकून दोन्ही बाजू वाचा, आयएसआयचा शिक्का बघा आणि चारही सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय जुना टायर उतरवू देऊ नका.