तापीकाठची शौचटाकी आणि पालिकेची परवानगी: एका सेवेचा अभिप्राय

तापीच्या काठावरील आमच्या राहत्या घराची जुनी शौचटाकी काढून नवीन बांधण्यासाठी मी गेल्या वर्षी जानेवारीत नगरपालिकेच्या नगररचना शाखेकडे अर्ज केला. अर्जाच्या पोचपावतीपासून काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापर्यंत एकूण एकोणीस आठवडे गेले. या काळात त्या शाखेने आमच्या प्रकरणाची जी छाननी केली, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. छाननीचे चांगले आणि वाईट असे दोन्ही अनुभव मला आले असल्यामुळे गावाचे व कार्यालयाचे नाव येथे देत नाही. आमच्या गल्लीत या छाननीला 'अडवणूक' असेच म्हणतात. माझे मत तसे राहिलेले नाही, मात्र ते बदलायला मला बराच त्रास सोसावा लागला, आणि त्यातील निम्मा त्रास टाळता येण्यासारखा होता.

आमची जुनी टाकी परसात, म्हणजे नदीच्या बाजूला होती. तिला टाकी म्हणणेही चुकीचे होते, कारण दगड-विटांच्या चार भिंती आणि वर शहाबादी फरशी एवढेच तिचे बांधकाम होते. तळ मातीचाच होता. पंचवीस वर्षांत ती एकदाही भरली नाही, याचा सासऱ्यांना, म्हणजे आबांना, अभिमान वाटत असे. ती भरत नव्हती याचा अर्थ घरातील नऊ माणसांचा मैला तळातून जमिनीत आणि जमिनीतून नदीकडे झिरपत होता, हे आम्हाला फार उशिरा उमगले. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी फुगली की उलटे घडत असे: भूजल वर येऊन टाकीत शिरे आणि शौचालयाच्या भांड्यात पाणी तुंबे.

ज्या ठेकेदाराला प्रथम बोलावले, त्याने 'ही दुरुस्ती आहे, परवानगी कशाला?' असे सांगितले आणि त्याच जागी तीन हजार लिटरची प्लास्टिकची तयार टाकी दोन दिवसांत पुरून देण्याची तयारी दाखवली. जुन्या टाकीतील गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरवण्याचेही तो सहज बोलून गेला. हाताने मैला उपसण्याच्या कामास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ पासून लागू आहे आणि अशा टाक्यांत गुदमरून माणसे मरतात, हे माहीत असल्यामुळे मी तेथेच नकार दिला आणि रीतसर अर्ज करण्याचे ठरवले.

अर्जासोबत सिटी सर्व्हेचा उतारा, मालमत्ता कराची पावती आणि परवानाधारक अभियंत्याने काढलेला नकाशा जोडला होता. तीन आठवड्यांनी त्रुटीपत्र आले: नकाशावर पूररेषा दाखवलेली नाही. ती दाखवून नकाशा पुन्हा दिला, तेव्हा सोळा दिवसांनी दुसरे त्रुटीपत्र आले: शेजारच्या विहिरीचे अंतर लिहिलेले नाही. पुढे तिसरेही आले, मातीच्या शोषणक्षमतेच्या चाचणीबद्दल. या तिन्ही मागण्या योग्यच होत्या. पण त्या पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिल्या असत्या, तर माझे सहा आठवडे आणि अभियंत्याच्या तीन फेऱ्यांचे पैसे वाचले असते. खिडकीवरील लिपिकाकडे अशी यादी मागितली असता 'नकाशा टाका, मग कळेल' असे उत्तर मिळाले. माझी मुख्य तक्रार हीच आहे. नियम कडक असावेत, पण ते अर्जदाराला आधी समजले पाहिजेत.

पूररेषेची बाब मात्र थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपात्र ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध समजला जातो, तर निळ्या आणि लाल रेषेमधील पट्ट्यात अटींवर बांधकाम होऊ शकते. राज्याच्या बहुतेक भागासाठी २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हे आहे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावरून आमच्या अभियंत्याने रेषा उतरवून घेतल्या, तेव्हा असे दिसले की आमचे घर दोन रेषांच्या मध्ये आहे आणि परसाचा मागचा तिसरा हिस्सा, म्हणजे नेमकी जुनी टाकी असलेली जागा, निळ्या रेषेच्या आत आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस शाखेतील कनिष्ठ अभियंता मॅडम जागेवर आल्या. या भेटीमुळेच माझे छाननीविषयीचे मत पालटले. त्यांनी नकाशा ओट्यावर पसरला, मग आधी परसात गेल्या आणि शेजारच्या नानांना हाक मारली. नाना भोई समाजातील, वय ऐंशीच्या पुढे, सारे आयुष्य नदीवर गेलेले. त्यांनी आमच्या मागच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, २००६ च्या ऑगस्टातील पुराच्या चिखलाची पुसट रेघ दाखवली आणि पायाखालच्या जमिनीकडे हात करून म्हणाले, "आठे पानी येस, भाऊ," म्हणजे इथे पाणी येते. मॅडमनी ती उंची टेपने मोजून वहीत लिहून घेतली. कागदावरची रेषा आणि नानांची रेघ यांत वीतभराचा फरक होता, आणि मॅडमनी त्यातील वरची, म्हणजे नानांची, पातळी धरली.

मग प्लास्टिकच्या टाकीचा विषय निघाला. मी तिचे माहितीपत्रक जोडले होते, कारण ती स्वस्त होती आणि गळत नाही असा तिचा लौकिक होता. मॅडमनी मला विचारले, "ताई, गाळ उपसून टाकी रिकामी केली आणि त्याच आठवड्यात नदी फुगली, तर काय होईल?" मला उत्तर सुचले नाही. त्यांनी समजावून सांगितले की भूजल वर आले की रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाते. तीन हजार लिटरच्या टाकीला पाणी सुमारे तीन टन जोराने वर ढकलते आणि टाकीचे स्वतःचे वजन त्यापुढे काहीच नसते. ती उचलली गेली की नळ तुटतात आणि आतला सारा मैला पुराच्या पाण्यात मिसळतो. टाकी प्लास्टिकचीच हवी असेल तर ती खालच्या काँक्रीटच्या थराला पट्ट्यांनी जखडण्याचा तपशील द्या, नाहीतर आर.सी.सी.ची, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची बांधा, असे त्यांनी सांगितले.

आम्ही आर.सी.सी. निवडली. आतून दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद आणि १.४० मीटर पाण्याची खोली, हे माप भारतीय मानक आयएस २४७० मधील दहा माणसांच्या तक्त्याप्रमाणे आहे. अशा टाकीतील गाळ तीन वर्षांनी उपसावा असे त्यात धरलेले आहे. बाहेरून टाकीचे आकारमान साडेपाच घनमीटर झाले, म्हणजे पाणी तिला साडेपाच टनांनी वर ढकलणार, आणि काँक्रीटचे वजन जेमतेम सहा टन भरत होते. एवढ्या तुटपुंज्या फरकावर मॅडम समाधानी झाल्या नाहीत. तळाचा स्लॅब चारही बाजूंनी पंधरा सेंटिमीटर बाहेर काढा, म्हणजे त्यावर बसणारी माती टाकीला दाबून धरील, अशी दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या पेनाने नकाशावर केली. खर्च किरकोळ वाढला. अशी सूचना एखाद्या खाजगी सल्लागाराने केली असती, तर तिचे वेगळे पैसे द्यावे लागले असते.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी कोठे मुरवायचे, हा प्रश्न त्याहून अवघड होता. टाकीत फक्त जड गाळ खाली बसतो आणि त्यातील काही कुजून जातो. जावक पाणी दिसायला निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते आणि त्याची खरी सफाई मातीच्या कोरड्या थरातून झिरपताना होते. निळ्या रेषेच्या आत पावसाळ्यात असा कोरडा थर उरतच नाही. ठेकेदाराने त्याच्या सवयीने शोषखड्डा सुचवला होता आणि चाचणी म्हणून मार्चमध्ये अंगणात खड्डा खणून पाणी ओतून दाखवले होते. २५ मिलिमीटर पाणी सहा मिनिटांत उतरले, आणि तो आकडा आम्ही आनंदाने सादर केला. मॅडमनी तो नाकारला. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाणी मुरत नाही तर भेगांतून पळून जाते, आणि पहिल्या पावसात माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी घेईनाशी होते. म्हणून खड्ड्यात रात्रभर पाणी राखून, माती पुरती भिजवून, दुसऱ्या दिवशी मोजायचे असते. तसे केल्यावर एक्केचाळीस मिनिटे लागली. मानकाप्रमाणे तीस मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो, तीस ते साठ मिनिटांसाठी शोषचर, म्हणजे पाणी मुरवणारे उथळ लांब चर लागतात, आणि साठच्या पुढे दुसरीच व्यवस्था करावी लागते. सहा मिनिटांच्या भरवशावर खड्डा केला असता, तर आषाढातच तो अंगणात वर आला असता.

यामुळे सगळी व्यवस्था परसातून पुढच्या अंगणात आणावी लागली. शौचालय मागे आणि टाकी पुढे, असा उलटा प्रवास झाला. चौदा मीटर नळाला साठास एक असा उतार दिला की सुमारे २३ सेंटिमीटर खोली वाढते, शिवाय आमची जमीनही रस्त्याकडे चढती आहे, त्यामुळे टाकी आणखी खोल गेली. आबांना अंगण खणणे अजिबात रुचले नाही, तुळशीवृंदावन दोन हात सरकवावे लागले, आणि खर्च ठेकेदाराच्या पहिल्या आकड्याच्या दुपटीच्या जवळ पोहोचला. याची कल्पना इतरांना असावी म्हणून लिहिते आहे. शेजारच्या विहिरीपासून शोषणाची जागा अठरा मीटर लांब हवी, आणि टेप धरला तेव्हा आमच्या पहिल्या चराचे अंतर साडेसोळा भरले. मॅडमनी दीड मीटरची सूट दिली नाही, आणि आज मला ते बरोबर वाटते, कारण त्या विहिरीचे पाणी त्या घरातील लहान मुले पितात.

परवानगी एप्रिलमध्ये मिळाली. तिच्यातील एका अटीचे मी मनापासून स्वागत करते: जुन्या टाकीतील मैला यंत्राच्या गाडीनेच उपसावा आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रावर पोहोचल्याची पावती सादर करावी. आमच्या भागात उपसा करणारी गाडी रात्री एखाद्या नाल्यावर रिकामी होते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि नाला तापीलाच मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ आपल्या राज्यातील होते, आणि त्यांत तापी व गिरणा दोन्ही होत्या. पावतीची अट ऐकून पहिल्या गाडीवाल्याने येण्यास नकार दिला. दुसरा आला, आणि दुपारी तेलकट बोटांचे ठसे उमटलेली, वेळ व गाडीचा क्रमांक घातलेली पावती त्याने आमच्या हातात दिली. रिकाम्या खड्ड्यात चुना टाकून, मुरमाचे थर चोपून तो बुजवला.

मात्र ज्या काळजीने नकाशा तपासला गेला, त्याच काळजीने प्रत्यक्ष काम तपासले गेले नाही. मॅडमची दरम्यान दुसरीकडे बदली झाली होती. टाकीत पाणी भरून चोवीस तास पातळी पाहण्याची चाचणी परवानगीत लिहिलेली असूनही ती पाहायला कोणी आले नाही. आम्ही तीन वेळा कळवले आणि शेवटी फोटो काढून स्वतःच ठेवले. दाखला देण्यासाठी जे गृहस्थ आले, त्यांनी बुजवलेल्या चरांवरून एक चक्कर मारली, झाकण उघडायला सांगितले नाही आणि पाच मिनिटांत सही केली. मातीखाली खडी किती आहे, नळ कोणत्या उताराने आहे, तळाचा स्लॅब खरोखर बाहेर काढला आहे का, हे माती टाकण्यापूर्वीच दिसते. आमच्या ठेकेदाराने पहिल्या चरात खडीऐवजी विटांचे तुकडे भरायला घेतले होते. मी घरी होते म्हणून ते काढायला लावले. घरात कोणी नसते, तर पाच आठवड्यांच्या तांत्रिक तपासणीवर त्या एका दुपारी माती पडली असती.

ऑगस्टमध्ये नदी चढली आणि परसात गुडघाभर पाणी दोन दिवस राहिले. भांड्यात पाणी तुंबले नाही, आणि अंगणातील झाकणाची कड फरशीशी होती तशीच समपातळीत राहिली. मी सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पट्टी ठेवून पाहत होते. दिवाळीनंतर नानांच्या मुलाने आपल्या टाकीसाठी त्याच शाखेत अर्ज केला. माझ्या सांगण्यावरून त्याने पूररेषा, विहिरीचे अंतर आणि भिजवून केलेली चाचणी हे तिन्ही पहिल्याच नकाशात दाखवले, आणि त्याला एकही त्रुटीपत्र आले नाही. ती यादी त्याने माझ्या वहीतून उतरवून नेली होती. कार्यालयाच्या खिडकीवर ती आजही लावलेली नाही.