शॉवरच्या टाइल्स: दोन ऋतू वापरून झाल्यावर

शॉवरचा कोपरा पूर्ण उखडून नव्याने केला, त्याला आता दोन ऋतू झाले. भिंतीला चकचकीत पांढऱ्या सिरॅमिक टाइल्स, खाली मॅट राखाडी पोर्सेलीनचे दोन इंची चौकोन. भिंतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खालच्या फरशीबद्दल मात्र बरंच आहे.

भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आतून सच्छिद्र असते, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. पण वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर असतो आणि पाणी थांबत नाही, त्यामुळे तिथे चालून जातं. पोर्सेलीन जेमतेम अर्धा टक्का शोषतं, म्हणून जमिनीला तेच घेतलं. घसरण्याबाबत दुकानात आर९, आर१० असे आकडे ऐकवतात. ती चाचणी बूट घालून, तेल ओतलेल्या उतारावर होते. अनवाणी पायांची चाचणी वेगळी, तिचे वर्ग ए, बी, सी. शॉवरला बी तरी हवाच. आमची बी आहे. साबणाच्या फेसातही पाय सटकत नाही. अर्थात खरखरीत पृष्ठभागात मळही धरतो. आठवड्यातून एकदा ब्रश मारावाच लागतो.

छोट्या चौकोनांचा खरा फायदा ढाळ काढताना कळला. मधल्या जाळीकडे चारही बाजूंनी उतार द्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते. छोटे तुकडे आपोआप वळतात. मोठीच टाइल हवी असेल तर भिंतीलगत लांबट जाळी बसवून एकाच दिशेने ढाळ द्यावा. प्रमाण फुटाला पाव इंच. आंघोळीनंतर आमच्याकडे कुठेही पाणी साचत नाही.

सगळ्यात जास्त आग्रह धरला तो टाइलच्या खालच्या कामाचा. टाइल आणि ग्राउट (सांध्यांत भरतात तो मसाला) पाणी अडवतात हा समज काही जात नाही. सिमेंटच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर. तो वाळल्यावर जाळी बंद करून २४ तास पाणी भरून ठेवलं, पातळी उतरत नाही हे पाहिलं, मगच टाइल्स. मिस्त्री कुरकुरले, एक दिवस फुकट जातो म्हणाले. जाऊ दे. टाइल बसवतानाही मसाल्याचे चार गोळे ठेवून वर दाबू दिली नाही. दातेरी थापीने सगळीकडे मसाला पसरायला लावला. टिचकी मारली तर आजही कुठे पोकळ वाजत नाही.

ग्राउट खाली इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं, भिंतीला सिमेंटचं. फरक आता डोळ्यांना दिसतो: खालचे सांधे पहिल्या दिवशीसारखे, तर भिंतीवर शाम्पूच्या कोनाड्याखालचे सांधे पिवळट पडलेत. इपॉक्सी भरल्या भरल्या पुसून काढावं लागतं. एका कोपऱ्यात पुसायचं राहिलं, तो धुरकट पापुद्रा अजून तिथेच आहे. भिंत आणि जमीन मिळते तिथे ग्राउट नको, सिलिकॉन हवं, कारण दोन्ही बाजू थोड्या हलतात आणि ग्राउट तडकतं. आमच्या सिलिकॉनवर एका जागी काळे ठिपके आलेत. ते कधीतरी खरवडून नवं भरायचंच असतं, त्याचं मला वाईट वाटत नाही.

पाणी जड असेल तर चकचकीत भिंतीवर थेंबांचे पांढरे डाग पडतात. पांढऱ्या टाइलवर ते लपतात, काळ्यावर उठून दिसले असते. रोज वायपर फिरवला की बास. ॲसिडचं क्लीनर मात्र सिमेंटचं ग्राउट खातं. संगमरवराचीही चमक घालवतं, म्हणून तो मोह सुरुवातीलाच सोडला होता.

कोनाड्याच्या तळालाही बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ दिलाय. पाणी साचत नाही, पण गोल साबण दर दोन दिवसांनी खाली उडी घेतो. चौकोनी साबण आणा.

पुन्हा केलं तर खालची फरशी हीच घेईन, आणि भिंतीलाही इपॉक्सीच भरेन. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवल्यात, खोक्यावरचा शेड नंबर दिसेल अशा. पुढच्या बॅचची छटा जुळेलच असं नसतं.