ब्रिस्बेन की कॅनबेरा? आधी रात्रीचं तापमान बघा

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन आणि कॅनबेरा अशा दोन्ही शहरांतून नोकरीची विचारणा झाली की पगार, घरभाडं, शाळा, मंदिर, किराणा मालाचं दुकान, सगळ्याचा हिशेब मांडला जातो. हवामानाचं मात्र ‘तिकडे उकाडा, इकडे थंडी’ एवढ्यावर भागवतात. मग पहिल्या फेब्रुवारीत नाहीतर पहिल्या जुलैत हबकायची वेळ येते. मी दोन्हीकडे राहिलो आहे, म्हणून हा एकच मुद्दा जरा नीट मांडतो.

ब्रिस्बेन साडेसत्तावीस दक्षिण अक्षांशावर, मोरेटन उपसागराला लागून, जवळजवळ समुद्रसपाटीवर. कॅनबेरा आणखी दक्षिणेला, पस्तीस अंशांवर, समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आणि साधारण ५८० मीटर उंचीवर. म्हणजे उंची पुण्याएवढीच. पण तेवढ्यावरून पुण्याची थंडी गृहीत धरून स्वेटर भरलेत तर फसाल.

ब्रिस्बेनला जानेवारीत दिवसाचं कमाल तापमान सरासरी ३० अंश, कॅनबेराला २८-२९. फरक अगदीच किरकोळ. पण रात्रीचा आकडा बघा: ब्रिस्बेनला २१, कॅनबेराला १३-१४. जुलैत ब्रिस्बेनला दिवसा २२ आणि पहाटे १०, तर कॅनबेराला दिवसा १२ आणि पहाटे शून्याच्या आसपास. बहुतेक लोक फक्त दिवसाचं कमाल तापमान बघून मत बनवतात. माणूस सुखात आहे की नाही हे रात्री ठरतं, झोप लागते की नाही त्यावर.

याचं कारण हवेतली वाफ. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने समुद्राचा उबदार प्रवाह दक्षिणेकडे वाहत असतो, आणि उन्हाळ्यात ब्रिस्बेनवर बहुतांशी पूर्वेकडून, समुद्रावरून वारे येतात. त्या दमट हवेत दिवसाची उष्णता रात्री निसटून जात नाही आणि अंगावरचा घामही सुकत नाही. कॅनबेरा आणि समुद्र यांच्यामध्ये डोंगर आहेत, बरीचशी ओल समुद्राच्या बाजूलाच पडून जाते. हवा कोरडी, आकाश मोकळं, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते. छत्तीस अंशांच्या दिवसानंतरही कॅनबेरात रात्री दहाला खिडक्या उघडून टाकल्या की घर निवतं. ब्रिस्बेनच्या फेब्रुवारीत रात्री दहाला खिडकी उघडून काही फायदा नसतो, बाहेरही तेच.

अर्थात मुंबई-रत्नागिरीच्या माणसाला ब्रिस्बेनचा उन्हाळा जड जाणार नाही. मुंबईचा मे त्याहून कडक. आणि मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ब्रिस्बेनला त्याच्या निम्मा, हजार-अकराशे. तोही सलग नाही. मुख्यतः डिसेंबर ते मार्च, दुपारी ढग दाटून येणार, तासाभरात झोडपून जाणार. आपल्या वळवासारखा, पण जास्त रागीट. पश्चिमेकडे हिरवट काळा ढग दिसला की ऑफिसातली माणसं गाडी छताखाली लावायला पळतात, कारण गारा. २७ नोव्हेंबर २०१४ ला संध्याकाळी घरी निघायच्या वेळेला झालेल्या गारपिटीने शहरभर काचा फोडल्या आणि मोटारींच्या टपांना पोचे पाडले. तेव्हा तिकडे फ्लॅट बघताना बंद गॅरेज आहे का, हे स्वयंपाकघराइतकंच महत्त्वाचं.

रोजच्या जगण्यात दमटपणा वेगळ्याच ठिकाणी भेटतो. फेब्रुवारीत पोह्यांचा डबा दोन दिवस नीट लागला नाही तर पोहे मऊ पडतात, पापड सादळतात, मीठ गोळा होऊन बसतं. कपाटातला चामड्याचा पट्टा महिनाभर हलवला नाही तर त्यावर पांढुरकी बुरशी येते, आणि लग्नातल्या बुटांची तीच गत. रेशमी साड्या नेणार असाल तर त्या अधूनमधून बाहेर काढून वाऱ्यावर टाकाव्या लागतील. कोकणातल्या बायकांना हे सांगायला नको, देशावरच्यांना मात्र नवीन वाटतं.

उलट कॅनबेरात पापड चार महिने कडक राहतील, पण जून ते ऑगस्ट इडलीचं पीठ फुगणार नाही. भांडं ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा रात्रभर चालू ठेवणं, हा तिथला सर्वमान्य उपाय. दह्याचंही तेच. टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात, लोकरीचा स्वेटर काढताना केस उभे राहतात. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा असतो आणि तो खरवडायला एक प्लॅस्टिकची पट्टी लागते. घाईत उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. धुकंही दाट पडतं, सकाळची विमानं त्यापायी रखडतात. आणि मग अकराच्या सुमाराला धुकं विरतं, वर लख्ख निळं आकाश आणि खाली कोवळं ऊन. कॅनबेराच्या थंडीची ही बाजू सांगायला लोक विसरतात: ती लंडनसारखी करड्या ढगांची थंडी नाही. शहरात बर्फ क्वचितच भुरभुरतो. डोंगरावर दिसतो, आणि मुलांना त्यात लोळवायचं असेल तर स्नोई पर्वतापर्यंत दोन-अडीच तासांची गाडी.

आता घराबद्दल, कारण माझ्या मते निर्णय इथेच होतो.

ऑस्ट्रेलियातली जुनी घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. ब्रिस्बेनचं पारंपरिक घर म्हणजे लाकडी खांबांवर उचललेलं, पत्र्याच्या छपराचं, चारी बाजूंनी वारा खेळेल असं, पुढे ऐसपैस व्हरांडा. उन्हाळ्यासाठी फार शहाणपणाची रचना. पण जुलैच्या पहाटे तोच वारा फळ्यांच्या फटींतून आत येतो, आणि बाहेर दहा अंश असताना आतही बारा-तेराच असतात. कॅनबेराच्या बऱ्या घरात राहून आलेली माणसं ब्रिस्बेनच्या अशा घरात कुडकुडतात, हे मी पाहिलं आहे. फक्त तिथे हा प्रकार सहा-आठ आठवड्यांत संपतो आणि दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर फिरता येतं.

कॅनबेरात मात्र घर चुकलं की मे ते सप्टेंबर चुकले. छतात इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आहे का, खिडक्यांना दुहेरी काच आहे का, बैठकीच्या खोलीचं तोंड उत्तरेला आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका. उत्तरेचं लक्षात घ्या. दक्षिण गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, त्यामुळे दक्षिणमुखी बैठक म्हणजे चार महिने सावली. पूर्वाभिमुख घराचा आग्रह धरणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे पटवावं लागतं, पण हीटरचं पहिलं बिल आलं की तेही पटवून घेतात. तिथे घर विकताना त्याचं ऊर्जा मानांकन ताऱ्यांमध्ये जाहीर करणं सक्तीचं आहे, आणि भाड्याच्या घरांत छताचं किमान इन्सुलेशन हवं असा नियम एप्रिल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आहे. म्हणून ‘तारे किती?’ हे विचारताना लाजू नका.

ब्रिस्बेनमध्ये असा निर्णायक प्रश्न एकच: इथे पाणी चढतं का? नदी शहरातून नागमोडी फिरते, आणि जानेवारी १९७४ मध्ये शहरातल्या मोजपट्टीवर ती ५.४५ मीटरपर्यंत चढली होती. त्यानंतर वरच्या अंगाला वायव्हनहो धरण झालं आणि आता पूर विसरा, असा समज पसरला. जानेवारी २०११ मध्ये नदी पुन्हा ४.४६ मीटरला गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर तीन दिवसांत ६०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाहिलेल्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही, पण गुडघाभर पाण्यात कार्पेट आणि प्लास्टरबोर्डच्या भिंती असल्या की नुकसान फार वेगळं होतं. रॉकली, ग्रेसव्हिल, विद्यापीठाजवळच्या सेंट लुशियाचा खालचा भाग, इथे स्वस्त आणि सुंदर घर मिळालं तर आधी महापालिकेचा पूरनकाशा उघडा. पत्ता टाकला की पुराच्या पाण्याचा धोका किती ते दिसतं. विम्याचा हप्ताही त्यावर ठरतो.

कॅनबेराला पुराऐवजी आग. १८ जानेवारी २००३ ला वणवा शहराच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत घुसला, चार माणसं गेली आणि सुमारे पाचशे घरं जळाली. आणि जानेवारी २०२० म्हणजे सगळंच एका महिन्यात: एक तारखेला धुराने जगातली सर्वांत वाईट हवा, चारला ४४ अंशांचा विक्रम, वीसला गारपीट. त्याआधीच्या २०१९ मध्ये हिंदी महासागराचं तापमान असं काही झुकलं होतं की आफ्रिकेच्या बाजूचं पाणी गरम आणि इंडोनेशियाच्या बाजूचं गार. त्या झुकावामुळे आपला मान्सून लांबला आणि भरभरून झाला, आणि ऑस्ट्रेलिया कोरडा ठणठणीत पडला. कोल्हापूर-सांगलीचा ऑगस्टमधला महापूर त्याच वर्षीचा. ऑस्ट्रेलियात नातेवाईक असलेल्यांनी एकाच वर्षात पुराचे आणि वणव्याचे, दोन्ही फोन केले असतील.

ज्यांच्या घरात दमा किंवा शिंकांचा त्रास आहे त्यांना दोन्हीकडे शत्रू आहेत, फक्त वेगळे. ब्रिस्बेनला बुरशी आणि धुळीतले किडे, कॅनबेराला ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले गवताचे पराग. कॅनबेराचा वसंत देखणा असतो, ट्युलिपची फ्लोरिअड जत्रा भरते, आणि अर्धं शहर नाक पुसत फिरतं. भारतात कधीही शिंक न आलेल्यांनाही एक-दोन वर्षांत तिथे त्रास सुरू होतो, असं बऱ्याच ओळखीच्यांचं झालंय.

उजेडाचा मामला फारसा कुणी धरत नाही, पण रोजचं वेळापत्रक त्यावर चालतं. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडने १९९२ मध्ये सार्वमत घेऊन उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायला नकार दिला. परिणामी डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला पावणेपाचला सूर्य उगवतो आणि पावणेसातला मावळतो. तिथली माणसं खरोखरच पहाटे पाचला धावायला जातात आणि नऊला झोपतात. कॅनबेरात घड्याळ पुढे असतं, त्यामुळे डिसेंबरात सव्वाआठपर्यंत उजेड. ऑफिसनंतर मुलांना घेऊन तळ्याकाठी जाऊन, सायकल फिरवून, घरी येऊन जेवायचं. जूनमध्ये दोन्हीकडे पाचलाच अंधार, पण कॅनबेरात तो गोठवणारा.

परसबागेची हौस असेल तर ब्रिस्बेन, यात वादच नको. कढीपत्त्याचं झाड फोफावतं, शेवगा, आळू, आंबा सगळं लागतं. आंबे वटवाघळांच्या आधी आपल्याला मिळाले पाहिजेत, एवढंच. कोथिंबीर मात्र तिथल्या उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते, ती हिवाळ्यातच लावायची. कॅनबेरात कढीपत्ता कुंडीत, आणि ती कुंडी मेमध्ये उचलून घरात, पाहुण्यासारखी जपायची. त्या बदल्यात चेरी, जर्दाळू, प्लम. दोन तासांवरच्या यंग गावी नोव्हेंबर-डिसेंबरात चेरी स्वतः तोडून आणता येते.

आई-बाबांना बोलवायचं असेल तर ब्रिस्बेनला जून ते ऑगस्ट, कॅनबेराला ऑक्टोबर ते मार्च. गुडघे दुखणाऱ्यांना कॅनबेराचा जुलै दाखवू नका. ते दिवसभर हीटरपुढे बसतील आणि पुन्हा ऑस्ट्रेलियाला यायचं नाव काढणार नाहीत. संक्रांत दोन्हीकडे ऐन उन्हाळ्यात येते, तेव्हा काळी साडी नेसून तिळगूळ वाटताना घाम पुसणं कुणालाच चुकत नाही.

माझं मत विचाराल तर ते घराच्या खर्चाला बांधलेलं आहे. उत्तरमुखी, दुहेरी काचेच्या, छतात नीट इन्सुलेशन असलेल्या घराचं भाडं तुमच्या पगारात बसत असेल तर कॅनबेरा घ्या. चार ऋतू मिळतात, उन्हाळ्यात रात्री झोप लागते आणि थंडीवर पैसे टाकले की उपाय आहे. दमटपणावर तसा उपाय नाही, एसी बंद केला की तो परत हजर. पण सुरुवातीची वर्षं जुन्या, भाड्याच्या घरातच काढायची असतील, किंवा दोघांपैकी एकजण दिवसभर लहान मुलाला घेऊन घरी असणार असेल, तर ब्रिस्बेन. तिथे साधं घरही वर्षातले सात-आठ महिने चांगलं असतं, आणि बाकीच्या महिन्यांत दिवस मॉलमध्ये, वाचनालयात किंवा साउथ बँकच्या फुकट पोहायच्या तलावात काढता येतो.

आणि मुलाखतीसाठी किंवा शहर बघायला म्हणून एकदाच जाता येणार असेल, तर कंपनी सांगेल ती तारीख घेऊ नका. कंपन्या ब्रिस्बेन ऑगस्टमध्ये दाखवतात आणि कॅनबेरा मार्चमध्ये, जेव्हा दोन्ही शहरं नवरीसारखी नटलेली असतात. ब्रिस्बेन फेब्रुवारीत मागा, कॅनबेरा जुलैत. हॉटेलऐवजी ओळखीच्या कुणाच्या घरी दोन रात्री राहा, आणि तिथून निघताना त्यांना मागच्या तीन महिन्यांचं विजेचं बिल विचारा.