दोन वायरींत चार आवाज: जुन्या रिसीव्हरचे आठ महिने

मामांनी 1994 साली कुवेतहून आणलेला हा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-कॅसेटचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायर. वजन अकरा किलो. चित्र-आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या एचडीएमआयचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. कित्येक वर्षं पोटमाळ्यावर पडून होता. मागचा व्होल्टेज सिलेक्टर 220 वर आहे ना, एवढं बघून गेल्या श्रावणात अमळनेरच्या घरी जोडला.

रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा ‘टक्’ झाला, पण आवाज फक्त डावीकडून. व्हॉल्यूम फिरवला की पापड मोडल्यासारखी खरखर. गावातल्या एकाने दोनशे रुपये घेऊन ‘भंगारात द्या’ असा सल्ला दिला. धुळ्याच्या कारागिराने रिलेचे पॉइंट घासले, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि साडेआठशेत तो उभा केला. टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नाही, म्हणून टीव्हीच्या ऑप्टिकल (प्रकाशाच्या) वायरीतला डिजिटल आवाज या पिनांवर आणणारी डबी वेगळी घ्यावी लागली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या डिजिटल स्वरूपावर ठेवा, नाहीतर डबी मुकी बसते.

यात आहे डॉल्बी प्रो लॉजिक, दोन ट्रॅकमधून चार आवाज वेगळे काढणारं 1987 चं तंत्र. सिनेमाच्या फिल्मवर जागा दोनच ट्रॅकची, म्हणून डॉल्बी कंपनीने 1970 च्या दशकात डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार चॅनेल त्या दोनांत मिसळले. दोन्हीकडे सारखं असेल ते मधल्या स्पीकरला, उलट्या फेजचं, म्हणजे एकीकडे लाट वर तेव्हा दुसरीकडे खाली असं असेल ते मागे. तेच दोन ट्रॅक स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर उतरले आणि हा खेळ घरात आला. मागचा आवाज मोनो, तोही 7 किलोहर्ट्झपर्यंतच आणि जरा उशिरा सोडलेला, म्हणजे पुढचे संवाद मागून ऐकू येत नाहीत.

गंमत अशी, की मुद्दाम मिसळलेलं नसलं तरी हा शोधून काढतो. कीर्तनाचा व्हिडिओ लावला तर महाराज मधोमध, आणि मंडपाचा घुमारा, टाळांची किणकिण पाठीमागे. आई वाती वळता वळता वळून बघायला लागली, “मांगे कोन शे रे?” जुनी मोनो गाणी मात्र सगळीच्या सगळी मधल्या स्पीकरात गोळा होतात, ती मी साध्या स्टिरिओवरच ऐकतो.

नव्या सिनेमाच्या धमाक्यांत साउंडबार याला मागे टाकतो, मान्य. पण संवाद इथेच स्वच्छ येतात. मागच्या आवाजाचा उशीर (डिले) बदलायला रिमोट लागतो आणि तो हरवलाय. एप्रिल सुरू झालाय, तासाभरात वरची जाळी हाताला चटका देते. मे महिन्यात दुपारी लावायची माझी छाती नाही.