ईम गाव: म्युझियम बघाच, पण त्या दगडापर्यंत चालत जा

पहिल्यांदा गेलो ते एका टूरवाल्याबरोबर, त्याने जेमतेम पाऊण तास दिला, चर्च आणि फोटो यातच संपला, चुटपुट लागून राहिली. म्हणून या वेळी शेफिल्डहून बस पकडली आणि अख्खा दिवस काढला. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातलं हे गाव, प्लेगच्या साथीत स्वतःला कोंडून घेतलेलं, राखाडी दगडाची घरं, स्पेलिंग (Eyam) बघून काहीही वाटो, उच्चार ईम.

सुरुवात म्युझियमने करा. छोटंसंच आहे, जुन्या चॅपलमध्ये, छपरावर वारा दाखवायला कोंबड्याच्या जागी उंदीर बसवलाय. १६६५ ला इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं, ओलसर होतं म्हणून शेकोटीपुढे पसरलं, त्यातल्या पिसवांनी प्लेग आणला असं सांगतात, आणि ते कापड हाताळणारा जॉर्ज व्हिकार्स सप्टेंबरात काही दिवसांतच गेला. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा थॉमस स्टॅनली, दोघांचं धर्माच्या बाबतीत अजिबात जमायचं नाही, पण दोघांनी मिळून लोकांना पटवलं की गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, रोग शेजारच्या गावांत जाऊ द्यायचा नाही. १६६६ च्या नोव्हेंबरपर्यंत जवळपास २६० माणसं गेली. ऑगस्टमध्ये मॉम्पेसनची बायको कॅथरिन पण गेली, तिची कबर चर्चच्या आवारात आहे, तिथे थांबा जरा.

चर्चशेजारच्या घरांवर पाट्या आहेत, या घरात कोण कोण गेलं त्यांची नावं. आणि त्या घरांत आजही लोक राहतात, खिडकीत फुलं ठेवलेली दिसली, म्हणून आवाज कमी ठेवा आणि आत डोकावू नका प्लीज.

आता मुख्य गोष्ट. स्टोनी मिडलटनच्या वाटेवर शेतात हद्दीचा दगड आहे, त्यावर सहा खळगे. नाण्यांवरून रोग पसरू नये म्हणून त्यात व्हिनेगर भरून गावकरी नाणी टाकायचे, बाहेरचे लोक तिथेच धान्य ठेवून पैसे उचलायचे. मी एका खळग्यात बोट घातलं, कडा झिजून एकदम गुळगुळीत झाल्यात, आणि समोर उतारावर पलीकडचं गाव, इतकं जवळ! चार पावलं टाकली की सुटका, तरी लोक थांबले. हे म्युझियममध्ये कितीही वाचलं तरी इथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, मला तरी नाही कळलं.

रायली ग्रेव्हज म्हणजे हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी, गावाबाहेर पूर्वेला, थोडा चढ आहे. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली, दगडी कुंपणाच्या आत त्या कबरी आहेत, भोवती मोकळं शेत. मला तिथे फोटो काढवला नाही.

म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, आधी चेक करा. पावसात वाट चिखलाची होते, बूट चांगले घाला. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी स्मरणाची प्रार्थना असते, त्या दिवशी जमलं तर नक्की जा. पाचपैकी पाच, पण पाऊण तासाच्या टूरने नाही, दिवस काढून.