आर्केड मॉनिटर: कॅपॅसिटर बदलायचे की एलसीडी बसवायचा?
इतवारीतल्या एका माळ्यावरून जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची पेटी, घरी आणलं. चित्र कडेने आक्रसलेलं, थरथरणारं. मार्ग दोनच: चेसिसवरचे (मॉनिटरच्या सर्किट बोर्डवरचे) इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, बदला, नाहीतर जुनी काचेची पिक्चर ट्यूब काढून एलसीडी लावा.

एलसीडी म्हणजे एका दुपारचं काम. गेमबोर्डचा १५ किलोहर्ट्झचा सिग्नल बहुतेक पीसी मॉनिटर घेत नाहीत, म्हणून मध्ये जीबीएस-८२००सारखा सिग्नल बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो. वजन कमी, वीज कमी. पण पिक्सेल करवतीसारखे टोचतात, आणि लाइटगनचे जुने खेळ चालतच नाहीत. ती बंदूक ट्यूबवरचा धावता ठिपकाच ओळखते.

कॅपॅसिटर स्वस्त, पण काम जिकिरीचं. १०५ अंश सेल्सिअस सोसणारेच घ्या. ८५वाले नागपूरच्या मे महिन्यात, त्यात बंद पेटीत, लवकर सुकतात. धन-ऋण उलटं झालं की फटाका! खरी भीती ट्यूबची: प्लग काढल्यावरही तिच्या उच्च दाबाच्या टोकावर, म्हणजे अ‍ॅनोडवर हजारो व्होल्ट राहू शकतात. आधी डिस्चार्ज, म्हणजे साठलेली वीज उतरवणं, मगच हात. हे समोर बसून शिकवणारा जुना टीव्ही मेकॅनिक नसेल, तर गुमान एलसीडी घ्या.

मी कॅपॅसिटर बदलले. ट्यूबवर जुन्या खेळाचा डाग जळून बसला असता, तर नसते बदलले. तो डाग कॅपॅसिटरने जात नाही.